पणजीची जागा

खिडकीजवळच्या टेबलावरची धूळ पुसताना मावशींनी तिथली पाण्याची बाटली उचलली, उजेडात धरली आणि त्या म्हणाल्या, "अगं बाई, हिच्या पाण्याला शेवाळ आलंय."

मावशी म्हणजे अभ्यासिका झाडणाऱ्या. त्या काही मोठ्याने बोलल्या नव्हत्या, पण परीक्षा तोंडावर आलेल्या खोलीत कुजबुजसुद्धा भांडं पडल्यासारखी ऐकू येते. दोनचार माना वर झाल्या आणि पुन्हा पुस्तकांत बुडाल्या. शेजारच्या खुर्चीतल्या मुलीची मान मात्र वरच राहिली. बाटली सरबताची होती, नखांनी खरवडून तिचं लेबल काढलेलं. लेबलाचा थोडा डिंक अजून काचेवर होता आणि त्या डिंकाच्या आत, पाण्याच्या बाजूने, कोवळी हिरवी लव धरली होती. दिसायला ती छानच दिसत होती. ऊन बाटलीतून टेबलावर पडलं होतं तेही हिरवं झालं होतं.

"ओतून टाकू का गं?" मावशींनी विचारलं.

"नको, असू दे. येईल ती."

"कोण?"

"पणजी. चहाला गेलीय."

"चहाला गेलीय की चहाच्या मळ्याला?" मावशी म्हणाल्या, बाटली होती तिथे ठेवून फडकं झटकत पुढच्या टेबलाकडे वळल्या. कोणीतरी फिसकन हसलं. तीही हसली.

त्या अभ्यासिकेत खरं नाव कोणाचंच राहत नसे. तिला सगळे सोमवार म्हणत. ती आली त्या पहिल्या महिन्यात कोणी विचारलं, कुठवर आलं वाचन, की ती म्हणे, सोमवारपासून सुरू करतेय. मग एक सोमवार गेला, दुसरा गेला, आणि कायद्याच्या वर्गातला एक वात्रट पोरगा म्हणाला, बाकीच्यांच्या आठवड्यात एक सोमवार असतो, हिचा आठवडाच सोमवारच्या वाटेवर असतो. नाव चिकटलं. तिला ते फारसं लागलं नाही. खरं तर वेळापत्रक आखण्यात तिचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं. पेन्सिलींना टोकं काढून, पुस्तकाला कव्हर घालून, लाल आणि निळ्या शाईने चौकोन आखून ती दुपारपर्यंत इतकी दमून जाई की वाचायचं त्राण उरत नसे. पुस्तक उघडलं की हात आपोआप पेन्सिलीकडे वळायचा. आळस तो नव्हता. आळशी माणूस सुखात असतो, पाय पसरून झोपतो. ती झोपतही नव्हती. न वाचलेल्या धड्यात कोणी नापास होत नाही, एवढंच कुठेतरी खोल तिला पटलेलं होतं, आणि वाचायला घेतलं की ते पटणं डळमळायला लागे.

आणि पणजी म्हणजे तिच्या शेजारच्या जागेवरची, वकिलीच्या शेवटच्या परीक्षेला पुन्हा पुन्हा बसणारी. वयाने असेल तिशीच्या जरा पुढची, पण अभ्यासिकेत सगळ्यांत जुनी. ती आली तेव्हा भिंतींना दुसराच रंग होता म्हणे. तिच्यासोबतचे वकील होऊन, लग्न करून, कोणी केसांना कलप लावायला लागले, तरी ती तिथेच. अंगाने इतकीशी. खुर्चीत बसली की पाय जमिनीला टेकत नसत, म्हणून टेबलाखाली तिने एक वीट आणून ठेवली होती. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला ती स्टूल ओढत नेई आणि त्या स्टुलाच्या किरकिरीवरून सगळ्यांना मान वर न करता कळे की पणजी उठली. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिला हमखास ताप यायचा. ढोंग नव्हे, थर्मामीटरमध्ये दिसणारा, डोळे लाल करणारा खरा ताप. "माझा ताप माझ्यापेक्षा हुशार आहे," ती म्हणायची, "त्याला तारखा पाठ आहेत." तिला सगळं येत असे हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. सोमवारला जे काही थोडं येत होतं ते पणजीने चहा पिता पिता सांगितलेलं. पुराव्याच्या कायद्यातला बेपत्ता माणसाचा भाग तिने असाच सांगितला होता. सात वर्षं एखाद्याची बातमी लागली नाही, तर तो मेला असं कोर्ट धरून चालतं. पण कोणाला लागली नाही? तर ज्यांना ती सहज लागायला हवी अशा माणसांना. "म्हणजे बघ," पणजी बशीतला चहा फुंकत म्हणाली होती, "नीट मरायचं तरी आधी कोणीतरी आपली चौकशी करणारं पाहिजे."

अभ्यासिकेची एक रीत होती. जागा धरायची तर खुर्चीवर शाल टाकायची, टेबलावर बाटली आणि उघडं पुस्तक ठेवायचं. धरलेल्या जागेला कोणी हात लावत नसे. माणूस तासाभराने येवो की संध्याकाळी, वस्तू आहेत म्हणजे माणूस आहे. फक्त ग्रंथपाल दुपारी वेताची टोपली घेऊन फेरी मारायचे आणि जे सामान कालच्यासारखंच पडलेलं दिसेल ते टोपलीत जायचं. मग त्यांच्या खोलीत जाऊन, हात मागे बांधून शिस्तीवरचं प्रवचन ऐकून ते सोडवून आणावं लागे. त्यावर पोरांनी तोड काढली होती. जो यायचा नसेल त्याचं सामान शेजाऱ्याने हलवत राहायचं. बाटली डावीकडून उजवीकडे, पेन्सिल घडीत, पुस्तकाचं पान पुढे. "तुझं हलवते" एवढं म्हटलं की झालं, आभारसुद्धा मानायची पद्धत नव्हती. तर पणजीचं सामान सोमवार हलवत होती. पहिल्या काही दिवसांत जरा गंमत म्हणून, मग सवयीने. सकाळी आल्या आल्या, आपलं पुस्तक पिशवीतून काढायच्याही आधी, ती पणजीचं पान उलटायची, बाटली सरकवायची, शालीचं टोक दुसऱ्या बाजूला टाकायची. आणि कबूल करायचं झालं तर अख्ख्या दिवसात ठरवलेलं आणि पार पडलेलं असं तेवढंच एक काम असायचं. पान उलटल्याचा आवाज कानावर पडला की काहीतरी अभ्यास झाल्यासारखं वाटे. मन निवायचं.

आता मावशी पुढच्या रांगेत गेल्यावर तिने पणजीच्या पुस्तकाकडे पहिल्यांदा वाचायचं म्हणून पाहिलं. पानावर धडा नव्हता. बारीक टाइपात शब्द आणि त्यांच्यापुढे आकडे, दोन रकाने. ती सूची होती. पुस्तक केव्हाच संपलं होतं. पणजी कितीतरी दिवस सूची वाचत बसली होती आणि टोपली घेऊन फिरणाऱ्या ग्रंथपालांना, समोरच्या बाकावरच्या पोरांना, कोणालाही त्यात वावगं दिसलं नव्हतं. पुढे आता दोन कोरी पानं राहिली होती आणि पुठ्ठा.

सोमवारच्या आईवडिलांच्या घरात उद्या हा घरातलाच एक माणूस होता. त्याचं ताट वाढलेलं असे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला तडा गेला तेव्हा ती सहासात वर्षांची असेल. आतल्या खोलीच्या छतातून थेंब पडायला लागले, तेव्हा वडील म्हणाले, गवंड्याला सांगायला हवं, या आठवड्यात बघतो. आणि तोवर म्हणून आईने खाली बादली ठेवली. बादली भरली की रिकामी करायची पाळी लागली. सकाळी आई, शाळेतून आल्यावर ती, रात्री वडील. शिस्तीत चाललं होतं सगळं. पाहुणे आले की म्हणत, केवढी गुणाची पोर, सांगावं लागत नाही, बादली आपणहून ओतते. थेंबांचा टप्‌टप्‌ आवाज घरात इतका मुरला की एकदा टाकी रिकामी राहिली आणि तो थांबला, तेव्हा तिला झोप येईना. छतावर पिवळा डाग पसरत गेला, त्याला काठ आले, मग त्या काठाला दुसरा काठ. निजल्या निजल्या ती त्यात माणसांचे चेहरे शोधायची. एका दुपारी आईने पाळण्यातल्या भावाला दूध पाजायला उचललं आणि ती ओट्यापर्यंत पोचतेय तोच छताचा मोठा खपला पाळण्यात आला. पाळण्याची एक दोरी तुटली. चुना असा उडाला की आई नुसती पांढरी उभी होती, मूल छातीशी. शेजारीपाजारी धावले, जो तो म्हणाला, थोडक्यात वाचलं पोर. वडीलही संध्याकाळी आले, त्यांनी पाळणा पाहिला, छत पाहिलं, आणि म्हणाले, "चला, नशीब, काही झालं नाही." रात्री त्यांनी बादली थोडी डावीकडे सरकवली, कारण आता थेंब तिथे पडत होते.

तो सरकवण्याचा आवाज. पत्र्याचा, फरशीवरून. रोज सकाळी पणजीची बाटली टेबलावरून सरकवताना तिच्या हाताला जे ओळखीचं वाटायचं ते हेच होतं, आणि हे कळल्यावर तिला बसवेना.

ती उठली. आजचं मरण उद्यावर, असं आई म्हणायची, वडिलांना टोमणा म्हणून. पण म्हणताना तिच्याही आवाजात सुटल्याचा सुस्कारा असे. जाऊन यायला हवं हे सोमवारला काही आजच कळलं नव्हतं. पणजीची खोली लांब नव्हती. दोन रस्ते, मग लाकडाची वखार, मग गल्ली. पण सकाळी वाटे संध्याकाळी जाऊ, संध्याकाळी वाटे ती आराम करत असेल, ताप असेल, उद्या येईलच. आणि गेल्या आठवड्यापासून तर तिने सरळ ठरवूनच टाकलं होतं की परीक्षा झाल्यावर. परीक्षा सोमवारी होती. त्या काळी खिशात फोन नसायचे, माणसाची खबर पायांनी जाऊन घ्यावी लागे. आणि पाय काय, मन सांगेल तिकडे वळतात. आताही ते वळलेच. वाटेत पेनांच्या दुकानापाशी ती थांबली. पेन होतं, शाई होती, तरी नवी निब बघावी असं वाटलं. दुकानदाराने निब बसवून कागदाचा कपटा पुढे केला. "लिहून बघा." तिने लिहिलं, निब छान चालली. "घेताय ना?" त्याने विचारलं. तिने कपट्याकडे पाहिलं. कोणी अशा वेळी आपलं नाव लिहितं, कोणी नुसत्या रेघोट्या ओढतं. तिने लिहिलं होतं, आत्ता येते. निब तशीच टाकून ती बाहेर पडली आणि वखारीपर्यंत जवळजवळ पळत गेली.

घरमालकीणबाई अंगणात स्टुलावर बसून मटार सोलत होत्या. पाय लांब केलेले, गुडघ्यांना फडकी बांधलेली.

"पणजी आहे का?" तिने धापा टाकत विचारलं.

"कोणाची? माझी तर कधीच वर गेली."

"नाही... वरच्या खोलीतली. वकिलीचा अभ्यास करते ती."

"ती होय! पणजी म्हणता होय तिला? काय बाई तुम्ही पोरं." बाई हसल्या. "ती कुठली सापडायला घरी! अभ्यासिकेत असते. मी उठायच्या आत जाते, रात्री मी निजल्यावर येते. परीक्षा आहे ना. मला दिसतसुद्धा नाही पोर."

"मी अभ्यासिकेतूनच आले."

"मग भेटली असेल की तिथेच."

बाईंच्या हातातली शेंग अर्धी उघडून तशीच राहिली. एक दाणा टोपलीच्या काठावर आपटून फरशीवर गेला, घरंगळत मोरीशी थांबला. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

"पण दूध तर..." बाई म्हणाल्या. "हे बघ, मला जिना चढवत नाही. मी खालच्या पायरीवर दूध आणि पाव ठेवते, सकाळी भांडं विसळून उपडं घातलेलं असतं. टापटिपीची पोर आहे. मी म्हटलं, कशाला हाका मारा, अभ्यासात व्यत्यय."

"आज होतं उपडं?"

बाईंनी फडकं बांधलेल्या गुडघ्यावर हात ठेवला. "आज नाही. कालही... भांडं तसंच होतं खरं. सायीसकट. म्हटलं तहानभूक विसरली असेल. मी मांजरीला घातलं." आणि मग अगदी हलक्या आवाजात, "मी मांजरीला घातलं गं."

जिना लोखंडी होता, उन्हाने तापलेला. चढताना तिला ती शेवटची दुपार आठवली, आणि इतके दिवस तिने ती पुरती आठवूच दिली नव्हती हेही तेव्हाच कळलं. पणजी उठली होती, शाल पसरली होती. "जागा बघ गं माझी. आत्ता येते." एवढंच ती आजवर सगळ्यांना सांगत आली होती, स्वतःलाही. पण पणजी दारापर्यंत जाऊन परत आली होती. टेबलाशी उभी राहून, पुस्तकावर तळहात ठेवून, मूल थोपटावं तशी दोनदा थोपटून म्हणाली होती, "आणि पान उलटत जा. नाहीतर टोपली." आणि हसली होती. सोमवारही हसली होती. चहाला जाणारं माणूस पानं उलटायला सांगत नाही. हे तेव्हा तिला कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं, आणि कळलेलं तिने बाजूला ठेवलं होतं, सोमवारी बघू म्हणून. ज्यांना बातमी सहज लागायला हवी अशी माणसं. कोर्टाने विचारलं असतं तर अख्ख्या गावात असं माणूस कोण होतं? बाई म्हणत होत्या ती अभ्यासिकेत आहे. अभ्यासिका म्हणत होती ती चहाला गेलीय. गावाकडचे म्हणत असतील ती परीक्षेच्या गडबडीत आहे. सगळ्यांनी मिळून पणजीला किती नीट, किती प्रेमाने, कुठेही नसलेली करून टाकलं होतं.

दाराबाहेर कोयंड्याला कुलूप लटकत होतं. उघडं. म्हणजे कडी आतून होती.

तिने हात वर केला. दाराचा रंग ऊन खाऊन फुगला होता, एके ठिकाणी फोड फुटून खालचं लाकूड दिसत होतं. त्या फोडाकडे ती पाहत राहिली. वाजवलं नाही तोवर काहीच झालेलं नव्हतं. वाजवलं की काहीतरी झालेलं असणार होतं. आणि खालून, जिन्याच्या तोंडाशी आलेल्या बाईंचा श्वास ऐकू येत होता. तिने वाजवलं. बोटांनी, मग मुठीने.

"पणजी."

फार वेळाने, दाराजवळून नाही, खोलीच्या पार टोकाकडून आवाज आला. वापरात नसलेल्या नळातून आधी हवा येते तसा.

"कोण? सोमवार?"

"हो. मी आहे."

"टोपली आली का गं?"

"नाही. टोपली नाही आली."

"माझी जागा?"

"आहे. दार उघड ना, पणजी."

"आहे ना?" आवाज जरा निवला. "मग झालं." तिने कान दाराला लावला. मग आतून, कोणी धडा विचारावा तसं, "कितव्या पानावर आहे मी?"

खोटं सांगणं सोपं होतं. मध्यावर आहेस, अजून पुष्कळ आहे, ये तू निवांत. तेच तर ती रोज सकाळी हाताने सांगत आली होती. तिने कपाळ दाराला टेकलं. लाकूड तापलेलं होतं.

"पुस्तक संपलं, पणजी. सूचीवर आहेस."

"संपलं? आणि मला काहीच येत नाही गं. यंदा ताप पण येत नाही बघ. वाट बघतेय, येतच नाही." बोलणं तुटत होतं, शब्दांमध्ये अंतर पडत होतं. "तू जा. तुझा पेपर आहे. मी सोमवारी उघडते."

सोमवार म्हणजे काय, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"बाई," ती कठड्यावरून ओरडली, "वखारीतून सुताराला आणा. पटाशी घेऊन या म्हणावं. धावा!"

"आत्ता आणते गं, आत्ता—"

"आत्ता नाही! आधी निघा!"

बाई गुडघ्यांवर हात देत फाटकाकडे लागल्या. इतक्या सावकाश की पाहवेना. खाली उतरून आपणच पळावं असं तिला वाटलं, एक पाऊल तिने टाकलंही. मग थांबली. जाताना दाराला काहीतरी सांगावं लागलं असतं आणि सांगायला तिच्यापाशी तेच दोन शब्द होते. ती परत दाराला चिकटली, दोन्ही तळवे लाकडावर पसरून.

"मला पण काही येत नाही," ती म्हणाली. हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आईला नाही, स्वतःला तर नाहीच. "एक धडा येत नाही, पणजी. एकसुद्धा. मी नुसती पेन्सिलींना टोकं काढते. तुझं पान उलटते आणि वाटतं झालं. ऐकतेस ना? तो बेपत्ता माणसाचा भाग, तो तेवढा येतो, तो पण अर्धा. सात वर्षं. पुढे काय? पुढचं सांग मला. ज्यांना बातमी लागायला हवी, त्यांनी काय करायचं? ते कुठे लिहिलंय? पणजी?"

ती बोलतच राहिली. बादलीचं सांगितलं, पाळण्याचं सांगितलं, शेवाळाचं सांगितलं, मावशींचा चहाचा मळा सांगितला. वाक्य संपायच्या आत दुसरं धरत होती, कारण मध्ये जागा राहिली तर त्या जागेत काय ऐकू येईल याची तिला भीती वाटत होती. श्वास घ्यायला ती थांबली, आणि त्या थांबण्यात आवाज आला.

स्टूल सरकल्याचा. किरकिर, लाकडाची, फरशीवरून. अभ्यासिकेत ऐकून ऐकून पाठ झालेली. दाराला आतून दोन कड्या, वरची गाठायला पणजीला स्टूल लागणारच. पण स्टूल काही एका कडीसाठीच लागतं असं नाही, आणि आवाज दाराकडे येतोय की दारापासून जातोय हे लाकडाला कान लावूनही तिला कळेना. तो थांबला. पुन्हा आला. तिने दारावर दोन्ही मुठी आपटल्या, खांदा आपटला, हाका मारल्या, पणजी, पणजी. हाकांच्या खाली सगळं बुडालं. मग आवाज फुटेना तेव्हा ती गप्प झाली, आणि अगदी जवळून, डोक्याच्या वर, दाराच्या पलीकडून श्वास ऐकू आला. उथळ. चढून दमलेला.

वरची कडी खट्‌कन खाली आली.

फाटकाशी बाईंचा आणि सुताराचा आवाज आला. ती वळली नाही. दारावरचे हात तिने काढले नाहीत, आणि बोलायची थांबली नाही. खालची कडी अजून बाकी होती.